चाकामागचा दगड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या आईला मीठ आणि रॉकेल पोचवणं. एवढंच. लोकांना वाटतं, शेवटी शेवटी माणसं काहीतरी मोठं बोलून जातात. आमच्यात कुणी काही बोललं नाही. ती जीपमध्ये माझ्या डाव्या हाताला बसली, रॉकेलचा कॅन दोन्ही पायांत धरला आणि चढाच्या वाटेवर एकच म्हणत राहिली, "हळू घ्या, सांडतंय." कॅनचं झाकण मी स्वतः आवळलं होतं. थेंब सांडत नव्हता. मी तिच्यावर खेकसलोसुद्धा.

सासूचं घर तळेघरच्या वर, डोंगरात. तळेघरपर्यंत एसटी जाते, तिच्या मनाला येईल तेव्हा. पुढं भातखाचरांच्या कडेनं चढत गेलेली वाट, दगडगोट्यांची. ती वाट आमची जुनी जीपच चढायची. घरापुढं सपाट जागा म्हणून नाही, चढावरच गाडी उभी करायची. आणि आमच्या जीपच्या हँडब्रेकला फक्त दांडा होता. ओढला की कुरकुरायचा, गाडी काही धरायचा नाही. गिअरमध्ये घालावी तर गिअरही आपला आपण सुटायचा. म्हणून बायकोच्या पायाशी एक दगड असायचा, काळा, एका अंगानं सपाट. मी ब्रेक दाबून बसायचो, ती उतरून मागच्या चाकाला दगड लावायची आणि पत्र्यावर दोनदा थाप मारायची. थाप ऐकली की मी पाय काढायचो. सगळा संसार असाच झाला.

त्या दिवशीही तिनं दगड लावला, थाप मारली. आम्ही चहा प्यालो, दिवस मावळायच्या आत घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात शेण काढता काढता ती खाली बसली ती उठलीच नाही. घोडेगावचा डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. बंद पडलं ते मलाही दिसत होतं.

आता जीपचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

ती मी सरकारी लिलावात घेतली. बोली लावायला कुणी पुढं येत नव्हतं. संगं आलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, यापेक्षा म्हैस घे, निदान शेण तरी दील." मी त्याचं ऐकलं नाही. तळेघर ते घोडेगाव मी त्या जीपनं माणसं वाहिली, हिरड्याची पोती वाहिली, अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या. पुढं पेट्रोल परवडेना, तेव्हा सगळ्यांनी केलं तेच मीही केलं, पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला आळेफाट्याच्या गॅरेजांमागं असली उतरवलेली इंजिनं पावसात भिजत पडलेली असायची. भंगारवाला किलोवर न्यायचा. आमचं मात्र बायकोनं नेऊ दिलं नाही. मोरीपाशी आडवं टाकून त्यावर पाण्याचा रांजण बसवला. ती काहीच टाकायची नाही. चाकाची पत्र्याची टोपी निघाली ती कोंबड्यांच्या पाण्याला. दिव्याची काच फुटली तर त्याची कडी तुळशीच्या बुंध्याला. वरचं ताडपत्रीचं हूड फाटलं तर ते सरपणावर. अर्धी जीप रस्त्यावर आणि अर्धी घरात.

आम्हाला मूल झालं नाही. आमच्याकडं जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. बाकीच्यांनी कधीच सोडून दिली. सासूनं धरून ठेवली. वर्षातून कधीतरी मी तिला जीपमधून आणायचो. ती ओट्यावर बसायची, फडक्यात बांधून आणलेली आपली भाकरी खायची, पाणी आपल्याच तांब्यातलं, आणि संध्याकाळच्या आत मी तिला परत वर सोडायचो. बायको दर खेपेला म्हणायची, "आये, माझे केस पांढरे झाले, आता कुठलं पोर घेऊन बसलीस? जेव की."

"देवाच्या मनात आलं तर?" म्हातारी म्हणायची आणि भाकरीचा तुकडा मोडायची.



लेकीच्या अग्नीला म्हातारी पोचली नाही. माणूस निरोप घेऊन वर गेला तोवर इथं सगळं आटोपलं होतं. म्हणून दहाव्याला मी स्वतः तिला आणायला निघालो, एकटाच. चढावर जीप उभी केली, ब्रेक दाबून बसलो. म्हातारी घरातून धावत आली. लेक गेल्यापासून मला पहिल्यांदा बघत होती. "माझी बाय कुठं ठेवून आलात?" म्हणून तिनं जीपच्या पत्र्यावर हात आपटला. एकदा, परत एकदा.

थाप ऐकली आणि मी पाय काढला. काढून खाली उतरलोसुद्धा.

जीप मागं निघाली. रिकामी गाडी चालली एका खाचरातून दुसऱ्या खाचरात, बांध फोडत. शेवटी एका धोंड्यावर बूड आपटून थांबली. म्हातारी बाजूला होती म्हणून वाचली. ती त्या जीपकडं बघत रडायची थांबली. थापेचं मी तिला सांगितलं नाही.

दहाव्याला ती आली नाही. मी म्हणालो, "मामी, पोरं बोलावतो, डोली करू."

"डोलीतनं आजारी जातं, न्हाईतर मेलेलं. मी दोन्ही न्हाई." मग म्हणाली, "जावई, वर्षाला या. तिच्या वर्षाला मी येणार. पण जीपनंच."

तिला चालवत नव्हतं हे खरं. पण हट्टही होता, आणि मला तो बरा वाटला. मी म्हणालो, येतो.

जीप ट्रॅक्टरनं ओढून आळेफाट्याला नेली. तिथला मिस्त्री मूळचा जुन्नरचा, त्याच्या बापापासून जीपची कामं. तो खाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "भाऊ, गिअरच्या मागचा डबा फुटलाय. इंजिनाची ताकद चाकाला तिथनंच जाते. तो न्हाई तर ही गाडी न्हाई, बाकडं हाय."

"मग दुसरा टाक. तुझ्यामागं ढीग व्हता ना?"

तो हसला. "ढीग गेला पुण्याला. मुंबईला. हौशी लोकं येत्यात, भाऊ. गंजलेला पत्रा बी सोडत न्हाईत. परवा एक जण एक बोल्ट रुमालात गुंडाळून घेऊन गेला. सोन्याची नथ न्यावी तसा."

"त्या बोल्टाचं करतो काय?"

"घरी नेऊन पुसतो."

मग त्यानं डब्याचा भाव सांगितला. मी टायरवर बसलो. जेवढ्यात मी अख्खी जीप घेतली होती, तेवढ्यात आता एक डबा येत नव्हता. आणि तेवढे मोजले तरी डबा नव्हताच. कुणाकडंच नव्हता. दहा वर्षांपूर्वी जो माल पायात येतो म्हणून लाथेनं बाजूला सारत होते, त्यासाठी आता पुण्याचे मोटारवाले रांगेत उभे होते.

मी तरी फिरलो. कळंबला हमरस्त्यावर एका हॉटेलवाल्याची तशीच जीप वर्षानुवर्षं उकिरड्यावर पडली होती, हे मला ठाऊक होतं. जाऊन बघतो तर त्यानं ती रंगवून दारात मांडलेली, मागच्या सीटवर शोभेच्या कुंड्या. मी म्हणालो, "खालचा डबा तेवढा दे. कुंड्यांना काय गिअर टाकायचाय?"

"नाय जमणार, बाबा. ओरिजिनल हाय."

ओरिजिनल. हा शब्द त्या वर्षात सगळ्या तालुक्यात साथीसारखा पसरला. ज्याच्या गोठ्यात गंजका दांडा, तोही मिशीवर ताव देऊन म्हणायला लागला, ओरिजिनल. आमच्या गावात एकानं वैरणीखाली दडपलेला जीपचा सांगाडा बाहेर काढून धुतला, हळदकुंकू लावलं आणि गिऱ्हाईकाची वाट बघत बाहेर खाट टाकून बसला. स्वतःच्या आजारी बापाला यानं कधी धुतलं नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "रविवारी जुन्नरच्या पलीकडं त्यांचा मेळा असतो. डबा असला तर त्यांच्याकडंच."

गेलो एसटीनं. बघतो तर एका पडीक रानात टँकरनं पाणी ओतून चिखल केलेला. टँकरनं! वैशाखाचं ऊन, वरच्या वाड्यांतल्या बाया हंड्यासाठी दरीत उतरत होत्या, आणि इथं विकतचं पाणी मातीत. एक जण गाडी चिखलात घालायचा, अडकायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे. मग दुसरा त्याला ओढायला जायचा, तोही अडकायचा, परत टाळ्या. आम्ही चिखलातून निघायला जीप घेतली, ही माणसं अडकायला घेत होती. अंगावर चिखल उडाला की आरडाओरडा करून फोटो काढायचे. आमच्या अंगावर जन्मभर चिखल, आमचा कुणी फोटो काढला नाही.

त्यांच्यातल्या एकाला धरलं. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, चाळिशीचा, गळ्यात रुमाल. माझ्याकडं जुनी जीप आहे म्हटल्यावर त्यानं हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"काका, पुढच्या जाळीला फटी किती आहेत?"

"फटी मोजायला मी गडी ठेवलाय व्हय?"

पुढच्या रविवारी तो घरी हजर. मिस्त्रीकडं गाडी बघूनच आला होता. मोरीपाशी आला आणि एकदम गुडघ्यावरच बसला. "काका... हे तिचंच इंजिन! यावर तुम्ही रांजण ठेवलाय?"

"मग काय डोक्यावर ठेवू?"

त्यानं बोटानं शेवाळ खरवडलं, खालचा नंबर वाचला आणि माझ्या जीपचं जन्मसाल मला सांगितलं. कुठल्या कारखान्यात झाली, कुठल्या खात्यात आधी होती, सगळं. खरंच असावं. माणसाला माहिती दांडगी होती, नाही म्हणत नाही. मला त्याचा रागच आला. आमच्या घरातल्या वस्तूची कुंडली यानं का सांगावी?

मी म्हणालो, "डबा हाय का तुझ्याकडं?"

"आहेत. दोन."

"एक दे. सांगशील ते देतो."

"विकणार नाही, काका. परत मिळत नाहीत."

"मग दुसरा कशाला पाळलाय?"

"स्पेअर." मग घुटमळत म्हणाला, "तुम्ही गाडीच द्या ना मला. म्हणाल ती किंमत."

बघा हे शहाणपण. मी सदऱ्याला बटण मागायला गेलो, तर हा सदराच उतरवून मागत होता. आणि बटण मिळत नव्हतं ते यांच्यामुळंच. यांनी ती बटणं गुंडाळून कपाटात ठेवली होती. मी त्याला हाकलणार होतो. शिवी ओठावर आली होती. पण वर्ष भरत आलं होतं, आणि वर डोंगरात म्हातारी महिने मोजत बसली होती.

मी म्हणालो, "देतो. पण आधी तुझ्या डब्यानं ती उभी कर. वर्षश्राद्धाच्या दिवशी माझ्यासंगं तळेघरच्या वर चल. सासूला खाली आणायची. मग घेऊन जा."

"त्यासाठी चांगली टॅक्सी करू ना, काका."

"टॅक्सी चढत न्हाई तिथं."

त्याचे डोळे चमकले. "म्हणजे ट्रेल आहे?"

"वाट हाय."

"तेच हो!"

पैशाचं इथं लिहीत नाही. त्यानं घासाघीस केली नाही, याचाच मला जास्त संताप आला. मग तो घरभर हिंडला. रांजण खाली उतरवून इंजिन नेलं. तुळशीची कडी सोडवली. सरपणावरचं फाटकं हूड घडी घालून घेतलं, जसा शालू. कोंबड्या पाणी पीत होत्या, त्यांच्या चोचीपुढची टोपी उचलली. जे जे बायकोनं जपलं होतं ते ते त्याला बरोब्बर सापडत होतं. शेवटी दाराशी दगड दिसला.

"हा पण गाडीबरोबरचाच ना, काका?"

"तो दगड हाय."

"नाही, म्हणजे ओरिजिनल?"

"डोंगर ओरिजिनल हाय, जा, तो उचल. ह्याला हात लावू नको."

श्राद्धाच्या दिवशी पहाटे तो जीप घेऊन आला. हिरवीगार, करकरीत, आवाज गुळगुळीत. माझी जीप होती, पण मला ओळख देत नव्हती. चाक त्याच्या हातात, म्हणून मी डावीकडं बसलो. दगड पायाशी घेतला. तो हसला. "आता लागणार नाही, काका. हँडब्रेक नवा टाकलाय."

"असू दे."

तळेघर मागं पडलं आणि चढाची वाट लागली. एवढी वर्षं चढताना मी उजवीकडं बसलो, माझ्या अंगाला डोंगर. उतरताना दरी माझ्याकडं यायची, पण तेव्हा चाक माझ्या हातात असायचं. तिच्या अंगाला काय, ते मी कधी बसून बघितलं नव्हतं. डाव्या चाकाखाली वाट संपते. पुढं नुसती दरी. ओढा पार तळाला दोऱ्यासारखा. गाडी जरा कलली की आपण दरीवर टांगल्यासारखे, दार नाही, धरायला काही नाही. तो पुण्याचा गडी खुशीत शीळ घालत होता. माझे दोन्ही पाय त्या दगडाला घट्ट आवळले होते.

हळू घ्या, सांडतंय. काय सांडत होतं ते मला तिथं बसल्यावर कळलं. मला भितरा म्हणायचा नाही, माझ्या चालवण्याला नाव ठेवायचं नाही, म्हणून रॉकेलचं निमित्त. आणि मी खेकसायचो.

घरापुढच्या चढावर त्यानं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. गाडी जागची हलली नाही. मी तरी उतरलो, मागच्या चाकाला दगड लावला आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.

"काय झालं, काका?" तो मागं वळून म्हणाला.

"काय न्हाई. पाय काढ."

वर बघितलं तर म्हातारी दारात उभी. नवी रंगवलेली जीप तिनं बघितलीच नाही, माझ्या हाताकडं बघत होती.

खाली घरी येऊन श्राद्ध झालं. पानं वाढली. मी सवयीनं म्हातारीला ओट्यावर जागा करून दिली. तिच्या हातात फडकं नव्हतं. तांब्याही नव्हता. ती सरळ आत आली आणि पानावर बसली.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "मावशी, हितं जेवनार?"

"आता कुणाची वाट बघायची?" म्हातारी म्हणाली आणि भाताला हात घातला.

मी उठून उगाच वाढायला लागलो.

जेवणं झाल्यावर पुण्याचा माणूस तिच्यापुढं आला. माणूस भला होता, हेही लिहितो, नाहीतर उगाच पाप. म्हणाला, "आजी, अंधाराच्या आत मी सोडून येतो तुम्हाला. मग गाडी नेतो."

"कुठं सोडतोस?"

"तुमच्या घरी."

"तुझी गाडी हाय, तू जा, बाबा. मी लेकीच्या घरी आल्ये."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की वर्षभर मी तिला आणायचं तेवढंच बघितलं. परत कशी जाणार, याचा विचारच केला नव्हता. तिनं केला होता. जीप वळून गेली, लांबवर हॉर्न वाजला, हौशी माणसाला उगाच वाजवायचा असतोच. म्हातारीनं मोरीपाशी जमिनीवर ठेवलेला रांजण हलवून बघितला. रांजण डगमगला. ती दाराशी गेली, मी सकाळी जीपमधून उतरवून ठेवलेला दगड उचलून आणला, मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज, आणि रांजणाखाली सरकवला.

"भाकरी कोण करतं?" तिनं विचारलं.

"मीच."

"दिसतंय." माझ्या अंगाकडं बघून म्हणाली. मग चुलीपाशी बसता बसता म्हणाली, "तिची थाप मला आत ऐकू यायची. थाप आली की मी चहाचं आधण ठेवायची. आज बी ठेवलं व्हतं. तुमी घाई केलीत, तसंच राह्यलं चुलीवर."

मी काटक्या मोडून तिच्यापुढं सरकवल्या.

"अन् कोंबड्या कोंडून आल्ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एसटी धरून तळेघरला गेलो. तिथून चालत वर. चुलीवर भांड्यात आधणाचं पाणी गार झालेलं होतं. ते ओट्याखाली ओतलं, भांडं घासून पालथं घातलं, दाराला कडी लावली, कोंबड्या डालग्यात भरल्या आणि उतरलो. परतीच्या एसटीत डालगं दोन्ही पायांत धरून बसलो. कोंबड्या वळणावळणाला ओरडत होत्या.

"ड्रायव्हर," मी म्हणालो, "हळू घ्या जरा."

"बाबा," तो मागं न बघता म्हणाला, "एसटी हाय ही, तुमची जीप न्हाई."